सिलिंडरमधलं खारं पाणी

मिस्त्रींना बसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. जेवायला बसले तरी एक पाय दाराकडे. ताई म्हणते, "यांच्या पायाला जन्मतःच भिंगरी. सुईण आधी तीच बघून घाबरली असेल." ताई म्हणजे मिस्त्रींची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण. त्या नात्यानं मिस्त्री माझे साडू. मी पाण्याचे मीटर वाचण्यात नोकरी घालवली. दारात जायचं, आकडा टिपायचा, पुढच्या दारात जायचं. मोटरीतलं मला कळत नाही आणि लिहिण्यातलंही बेताचंच कळतं. पण लांब्याच्या मोटरीचं जे झालं ते मी दुकानातल्या खुर्चीवरून पाहिलं, तेवढं सांगतो. काही चुकलं तर ती चूक माझी धरावी.

मिस्त्रींचं दुकान धक्क्यावरून चढ चढून आलं की पहिलंच. एका शटरचं. आत लाकडाचा एक घोडा आहे, त्याला बोटीच्या मोटरी उभ्या अडकवतात. या मोटरी बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायच्या असतात. वर डोकं, म्हणजे इंजिन. खाली लांब तंगडी, आणि तंगडीच्या टोकाला पाण्यात फिरणारा पंखा. घोड्याखाली अर्धं कापलेलं पिंप, पाण्यानं भरलेलं, म्हणजे मोटर दुकानातच चालवून बघता येते. भिंतीवर नटबोल्टांचे डबे, आणि टेबलावर खिडकीची एक जाड काच. एक्केचाळीस वर्षं मिस्त्री या जागेत उभे आहेत. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डॉक्टर म्हणाले, छान दिसेल. दिसतंही असेल, पण तेव्हापासून मिस्त्रींचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा उडाला. एखादा भाग हातात घेऊन जवळ न्यायचे, लांब न्यायचे आणि मग माझ्यापुढे धरायचे.

"साडूभाऊ, हे काळं आहे, की मला काळं दिसतंय?"

"काळंच आहे," मी म्हणायचो. पण माझ्या म्हणण्यावर तरी त्यांनी का विश्वास ठेवावा?

लांब्या हा खाडीवरचा नावाडी. उंची इतकी की कोणत्याही दारात आधी नमस्कार करतो आणि मग आत येतो. लोकांना पलीकडच्या काठाला नेणं-आणणं हे त्याचं काम. धक्क्यावर अशा एकोणीस बोटी आहेत आणि त्या पाळीनं सुटतात. पाळीला हजर नाही, तर खाडा. धक्क्यावरच्या खोलीबाहेर एक फळा आहे, तिथं बोटीच्या आकड्यापुढे खडूची एक रेघ पडते. वर्षात तीन रेघा झाल्या की पाळी जाते आणि वाट बघत बसलेल्या दुसऱ्या बोटीला मिळते. मग वर्षभर आपण काठावर बसून दुसऱ्यांच्या बोटी मोजायच्या.

लांब्या पहिल्यांदा आला तेव्हा एक रेघ पडून गेली होती.

"मिस्त्री, सकाळी दोरीच ओढली जात नाही. आत कुणीतरी धरून बसल्यासारखं."

मिस्त्रींनी मोटर घोड्यावर अडकवली आणि दोन्ही प्लग काढले. सिलिंडर दोन, एकावर एक. वरचा एक नंबर, खालचा दोन नंबर. त्यांनी दोरी ओढली तशी दोन नंबरच्या भोकातून पाण्याची पिचकारी उडाली आणि माझ्या चष्म्यावर आली. मिस्त्रींनी माझ्या चष्म्यावरचा थेंब बोटानं टिपून जिभेला लावला.

"खारं."

"माझ्याच चष्म्यावरून घ्यायचं होतं का?" मी म्हटलं.

"पेट्रोलमधून आलेलं पाणी गोडं असतं, साडूभाऊ. दवाचंही गोडं. हे खाडीचं आहे."

मोटर थंड राहायला खाडीचंच पाणी ओढून घेते, ते सिलिंडरभोवती फिरतं आणि धुराबरोबर तंगडीतून खाली जातं. सिलिंडरच्या आत मात्र त्याचा एक थेंबही जाता कामा नये. मध्ये असतं ते पातळ गॅस्केट. ते जळालं की पाणी आत. मिस्त्रींनी झाकण उघडलं, काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर झाकण घासलं, वाकलंय का ते बघितलं. वाकलं नव्हतं. जुनं गॅस्केटही फारसं वाईट दिसत नव्हतं. त्यांनी पिस्टनचं डोकं मला दाखवलं.

"काळं आहे?"

"काजळीसारखं."

"हूं," ते म्हणाले आणि बराच वेळ बघत राहिले. मग नवं गॅस्केट घालून त्यांनी बोल्ट आवळले. पिंपात तासभर मोटर चालवली, प्लग काढले, दोन्ही कोरडे. लांब्याला सांगितलं, "ने. बरी झाली."

नऊ दिवसांनी लांब्या परत आला. खांद्यावर मोटर, तोंड उतरलेलं. दुसरी रेघ पडली होती. प्रवासी बोटीत बसलेले, आणि हा दोरी ओढतोय, ओढतोय. एक म्हातारी म्हणाली, "अरे, वल्ही असतील तर आम्हीच मारतो." शेवटी सगळे उतरून दुसऱ्या बोटीत गेले.

"मधले आठ दिवस?" मिस्त्रींनी विचारलं.

"कधी सुरू व्हायची, कधी प्लग पुसायला लागायचे. एकदा सुरू झाली की दिवसभर तक्रार नाही."

"तू काही बदललंस का? तेल, पेट्रोल, पंखा?"

"काहीच नाही, आईशप्पथ."

प्लग काढले. पाणी होतं, पण या वेळी एक नंबरमध्ये. दोन नंबर कोरडा ठणठणीत.

त्या दिवसापासून मिस्त्री कुणाशी धड बोलेनात. मोटर चार दिवस ठेवून घेतली आणि तेवढ्यापुरती लांब्यानं आपल्या मेव्हण्याची मोटर मागून आणली. त्या चार दिवसांत मिस्त्रींनी काय नाही केलं? दोन्ही सिलिंडरचा दाब मोजला, सारखाच. पाण्याच्या वाटेत पंपानं हवा भरून वरून साबणाचं पाणी ओतलं, एक बुडबुडा नाही. पुन्हा झाकण उघडलं, पुन्हा घासलं, पुन्हा नवं गॅस्केट. पिंपात दोन-दोन तास चालवली. दर वेळी कोरडी.

"माहेरी शहाणी आणि सासरी वेडी," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. दुकानाच्या दारापासून घोड्यापर्यंत सात पावलं आहेत. ती सात पावलं त्यांनी त्या चार दिवसांत किती वेळा टाकली ते मी मोजायचं सोडून दिलं. मलाही बसवेना. मी नुसता मीटर वाचणारा माणूस, मला कशाची घाई? पण कुणी आपल्यासमोर असं फिरत राहिलं की आपल्याही तळपायाला काहीतरी होतं. घरी ताईचं तेच. "ताटात हात आणि डोकं त्या मोटरीत. परवा आमटीत बोट बुडवून चव घेतली आणि म्हणाले, खारं."

चौथ्या दिवशी लांब्या मोटर न्यायला आला. मिस्त्रींनी ती स्वतः त्याच्या खांद्यावर चढवली.

"मला काही सापडलेलं नाही," ते म्हणाले. "तरी ने. उद्या सकाळी तुझी पाळी आहे. आणि ऐक, तिसऱ्यांदा पाणी आलं, तर मी हत्यारं गुंडाळीन. हे दुकान बंद."

"असं काय बोलता, मिस्त्री?"

"तुझी पाळी जाणार माझ्यामुळं. मग मी कशाला उभा राहू इथं?"

लांब्या खाली मान घालून चढ उतरला. दुपारी तो दोन फेऱ्या करणार होता, आणि खरी परीक्षा उद्या सकाळची. मिस्त्री दारात गेले, परत आले, पुन्हा दारात गेले. मग एकदम म्हणाले, "साडूभाऊ, गॅस्केट घर बदलतं का?"

"म्हणजे?"

"जळालं तर एका जागी जळतं. आधी दोन नंबरमध्ये पाणी, मग एक नंबरमध्ये. भोक असं इकडून तिकडं फिरायला जात नाही. आणि पिस्टन काळा होता ना? तुम्हीच म्हणालात."

"काजळीसारखा."

"चालताना पाणी आत येत असतं तर त्याची वाफ होते. वाफेनं काजळी निघते. पिस्टन घासलेल्या भांड्यासारखा दिसला असता. मला तेव्हाच दिसलं होतं हो. मला वाटलं, माझ्या डोळ्यालाच चकाकी कळत नसेल." त्यांनी शटर ओढायला घेतलं. "चालताना येत नाही. थांबल्यावर येतं. चला."

"कुठं?"

"ती जाईल तिथं."

संध्याकाळी आम्ही लांब्याच्या शेवटच्या फेरीला बोटीत बसलो. लांब्याला वाटलं, आम्ही पलीकडं कुणाकडं निघालोय. पलीकडच्या काठाला आम्ही दोघंही उतरलो नाही तेव्हा त्याला कळलं. मिस्त्री पूर्ण वेळ मोटरीशेजारी उभे. मी दोनदा म्हटलं, बसा, बोट हलतेय. मोटर मात्र गुणी मुलीसारखी चालली. धक्क्याला लागल्या लागल्या मिस्त्रींनी प्लग काढायला लावले. दोन्ही कोरडे.

"आता तू रोज काय करतोस तेच कर," ते लांब्याला म्हणाले. "आम्ही इथं नाही असं समज."

"तुम्ही दोघं असे टक लावून बघताय, मी कसं समजू?"

धक्क्यावरून मागे दोन मोटरी चोरीला गेल्या होत्या, म्हणून आता प्रत्येकजण आपली मोटर रोज घरी नेतो. लांब्यानं ती फळीवरून सोडवली आणि लगेच खांद्यावर घेतली. तंगडीतून थोडं पाणी त्याच्या सदऱ्यावर सांडलं. आम्ही मागं. दोन गल्ल्या, मग जिना, दुसरा मजला. लांब्याचं घर दोन खोल्यांचं. स्वयंपाकघर आणि मोरी यांच्यामध्ये एक बोळ, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत असा. तिथं त्याची आई उभी होती. हातात गोधडी.

"या, या. आज मोटरीबरोबर वऱ्हाड कसं काय?"

"आई, हे मिस्त्री. हे त्यांचे साडू."

"मिस्त्री म्हणजे तेच ना, दोनदा बरी करून दिली ते?"

मी भिंतीकडे बघितलं.

लांब्यानं मोटर बोळात आडवी केली. डोकं जमिनीवर, गोधडीवर. मग त्याच्या आईनं मोरीजवळचं स्टूल सरकवलं आणि दोघांनी मिळून मोटरीची तंगडी उचलून स्टुलावर ठेवली. पंखा वर, इंजिन खाली. आईनं गोधडीची टोकं इंजिनाभोवती नीट गुंडाळली.

मिस्त्री जमिनीवर बसले. खरंच बसले, मांडी घालून.

"हे असं कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"स्टूल?" लांब्या म्हणाला. "झाले दोन महिने. आई आली राहायला तेव्हापासून."

"अहो, आधी तो सरळ आडवी टाकायचा, डोक्याखाली पोतं," आई म्हणाली. "पहाटे मी मोरीत जायला उठले आणि त्या पंख्यानं माझी टाच फाडली. चार टाके पडले. मग मीच म्हटलं, तिचं शेपूट वर ठेव, डोकं गोल आहे, ते लागत नाही."

"तू म्हणालास काही बदललं नाही," मिस्त्री लांब्याला म्हणाले.

"मोटरीत नाहीच बदललं. स्टूल घरातलं आहे."

मिस्त्रींनी कपाळावरून हात फिरवला. मग खिशातून प्लगचा पाना काढला. आधी दोन्ही प्लग काढून भोकातून एक काडी आत घातली. एक नंबरमध्ये काडी लगेच अडली. दोन नंबरमध्ये बरीच आत गेली.

"दोन नंबरचा पिस्टन मागं सरकून थांबलाय," ते मला म्हणाले, "म्हणजे त्याचं धूर सोडायचं दार उघडं आहे. एक नंबरचं बंद. तंगडीत उरलेलं पाणी आता धुराच्या वाटेनं उलटं इंजिनाकडं येणार. कुठं जाईल?"

"दोन नंबरमध्ये," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मोटरीबद्दल मी काही बरोबर बोललो असेन.

प्लग परत लावले. मिस्त्री म्हणाले, अर्धा तास थांबू. आईनं चहा केला. त्या अर्ध्या तासात ते बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोटर ओलांडत फिरत होते. आई म्हणाली, "बसा की हो, दुसरी टाच फाडून घ्याल." लांब्या स्टुलाकडं बघत उभा. त्याला अर्धंमुर्धं कळलं होतं, पण विचारायचं धाडस होत नव्हतं.

अर्ध्या तासानं मिस्त्रींनी एक वाटी मागितली. आधी एक नंबरचा प्लग काढला. कोरडा. मग वाटी खाली धरून दोन नंबरचा काढला. पाणी हळूच आलं, एक धार, मग थेंब थेंब. पाऊण वाटी भरली. मिस्त्रींनी ती माझ्यापुढं केली.

"साडूभाऊ, पाणी आहे ना?"

"पाणीच आहे."

"दोन महिने तुम्ही हिला रोज शीर्षासन करायला लावताय," ते लांब्याला म्हणाले. "ही आडवी टाकायची तर डोकं नेहमी तंगडीपेक्षा वर पाहिजे. खरं तर उभीच पाहिजे."

"म्हणजे माझ्यामुळं?" आई म्हणाली. तिचा आवाज बदलला. तिला फळ्यावरच्या रेघा ठाऊक होत्या.

"नाही हो," मिस्त्री पटकन म्हणाले. "माझ्यामुळं. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. धड मोटर मी दोनदा उघडली. हा दोरी ओढून सांगत होता, सकाळीच होतं, सकाळीच होतं. मी विचारायला हवं होतं, सकाळच्या आधी ही कुठं असते. विचारलं नाही."

त्यांनी लगेच बोळातल्या दाराच्या चौकटीला एक फळी ठोकायला घेतली. खिळे शेजारून आणले. हातोडा ते खिशात ठेवतातच. मोटर त्या फळीला उभी अडकवली, आतलं पाणी तंगडीतून खाली गळायला लागलं, म्हणून पंख्याखाली बादली ठेवली. पंखा बादलीत गेला, म्हणजे टाचेचीही काळजी मिटली. सिलिंडर पुसून, तेलाचे थेंब सोडून त्यांनी प्लग लावले. जिना उतरताना लांब्याला बाजूला घेऊन म्हणाले, "धक्क्यावर आईचं नाव काढलंस तर बघ."

सकाळी आम्ही लांब्याच्याही आधी धक्क्यावर होतो. ताईनं विचारलं होतं, "दुसऱ्याच्या बोटीची पाळी आणि तुम्ही दोघं आंघोळीविना?" लांब्यानं मोटर लावली. पहिली ओढ, काही नाही. मिस्त्रींचा हात माझ्या दंडावर आवळला गेला. दुसऱ्या ओढीला ती सुरू झाली, आणि मिस्त्रींनी हात सोडला. माझ्या दंडावर त्यांची चार बोटं उमटली होती.

मला वाटलं, सुटलो. पण मिस्त्री तडक फळ्याकडं गेले. तिथं पाळी लावणारा शिट्टी गळ्यात घालून बसलेला असतो. एरवी पोटावर हात ठेवून डुलक्या घेतो, पण फळ्याला कुणी हात लावला की जागा होतो.

"लांब्याची दुसरी रेघ पुसा," मिस्त्री म्हणाले.

"रेघ अशी पुसत नसतात, मिस्त्री. तुम्हाला माहीत आहे. ज्याची चूक त्यानं चार नावाड्यांसमोर सांगायचं, मग पुसतात."

"बोलवा चार."

चार काय, दहा आले. सकाळच्या पाळीची माणसं तिथंच होती. मिस्त्री त्यांच्यासमोर उभे राहिले. एक्केचाळीस वर्षांत कुणी त्यांच्या तोंडून 'चुकलो' ऐकलं नसेल. ताईनंही नाही, हे मी खात्रीनं सांगतो.

"लांब्याची मोटर बिघडलेली नव्हती," ते म्हणाले. "मी नको तिथं उघडली आणि बरी झाली म्हणून सांगितलं. त्या भरवशावर हा पाळीला आला. पहिली रेघ त्याची त्याला. दुसरी माझ्या शब्दावर पडली आहे. मी चुकलो."

एक जाडा नावाडी म्हणाला, "मग मागच्या वर्षी माझी उघडलीत, तीही धड होती का?"

"ती बिघडलेलीच होती. मालकासारखी."

हशा झाला. दुसऱ्यानं विचारलं, "पण बिघाड नव्हता तर पाणी कुठून यायचं?"

लांब्यानं तोंड उघडलं. मिस्त्रींनी त्याच्याकडं एकदा बघितलं, ते मिटलं.

"बाहेरून."

"बाहेरून म्हणजे कुठून?"

"खाडी आतमध्ये आहे का बाहेर? मग? पाणी बाहेरूनच येणार." आणि मग, जरा थांबून, "मोटर घरी उभी ठेवत जा सगळ्यांनी. डोकं वर. एवढं लक्षात ठेवा, बाकीचं मला विचारू नका."

पाळी लावणाऱ्यानं तळहातानं रेघ पुसली. लांब्याच्या आकड्यापुढं एक रेघ राहिली. पुसलेल्या जागी पांढरा डाग राहिला आणि येणारा-जाणारा तो बघून विचारणार, हे काय, आणि कुणीतरी सांगणार. हे मिस्त्रींनाही कळत होतं. त्या आठवड्यात एक नावाडी मोटर खांद्यावर घेऊन दुकानासमोरून पुढच्या गल्लीतल्या दुसऱ्या मिस्त्रीकडं गेला. डोकं वर धरून नेत होता, एवढं मात्र मी पाहिलं.

पण त्या सकाळी लांब्याची बोट प्रवासी घेऊन सुटली तेव्हा मी म्हटलं, "चला, आता चहा घेऊ."

"तुम्ही घ्या," मिस्त्री म्हणाले. "ते झाकण मी दोनदा उघडलंय. दोनदा घासलंय. आतापर्यंत गळत नव्हतं, पण आता मात्र खरोखर गळू शकतं."

प्लगचा पाना हातात धरून ते धक्क्याच्या कडेला गेले आणि बोट परत यायची वाट बघत उभे राहिले. मी बाकावर बसलो. थोड्या वेळानं मलाही बसवेना, म्हणून मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.